कादंबरी दर वेळी सातव्या प्रकरणाशीच का अडकते? (फॅन्टसी, पहिला खर्डा आणि दिवसातली वीस मिनिटं)

प्रॉब्लेम आधी नीट सांगते, कारण बऱ्याच जणांचा हाच असणार. फॅन्टसी कादंबरीचा पहिला खर्डा लिहायला घेतला, सुरुवात दणक्यात झाली, पाच-सहा प्रकरणं भराभर आली, आणि मग ऑफिसात ऑडिट, घरात आजारपण, मुलाची परीक्षा, यातलं काहीतरी एक उपटलं आणि दहा-बारा दिवस फाईल उघडलीच नाही. मग एका रविवारी हुरूप आला, फाईल उघडली, जरा मागचं वाचून घेऊ म्हणून पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली, वाचता वाचता एक विशेषण खटकलं ते बदललं, एक परिच्छेद वर नेला, तो परत खाली आणला, दीड तास गेला, आतून हाक आली, लॅपटॉप बंद. नवीन ओळी शून्य. पुढचे दहा दिवस परत काही नाही. परत रविवार, परत पहिलं प्रकरण.

माझं हे चार वर्षं चाललं होतं. चार वर्षांत माझं पहिलं प्रकरण इतकं गुळगुळीत झालं की माशीचा पाय घसरावा, आणि आठवं प्रकरण अस्तित्वातच नव्हतं. सातव्याच्या शेवटी माझी नायिका एका दाराच्या कडीला हात लावून उभी होती, ती उभीच. बाईच्या हाताला रग लागली असेल.

आता गाडी चालू आहे. खर्डा तेविसाव्या प्रकरणात आहे, नोकरी तीच आहे, घर तेच आहे, वेळ वाढलेला नाही. झाला तर कमीच झालाय. म्हणून काय बदललं ते लिहून ठेवतेय.

माझ्या कादंबरीतलं जग दोन ओळीत सांगते, नाहीतर पुढची उदाहरणं कळणार नाहीत. एक शहर आहे जिथे माणसं पैशासाठी स्वतःची सावली गहाण ठेवतात, सावल्या ठेवून घेणारी एक जुनी पेढी आहे, आणि त्या पेढीत खतावणी लिहिणारी तमा नावाची पोरगी आहे जिच्या बापाची सावली तिथे अडकलीय. बाकी ड्रॅगन वगैरे नाहीत. एक होता, त्याला तिसऱ्या महिन्यात काढला.

आधी करून बघितलेलं, जे चाललं नाही

पहाटे पाचला उठणं. चार दिवस. पाचव्या दिवशी पोराला ताप. त्यानंतर पहाट ही गोष्ट माझ्या आयुष्यातून गेली ती गेलीच. ज्यांना जमतं त्यांना माझा दंडवत. या बाबतीत नेहमी अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं उदाहरण देतात, की बघा, पोस्ट खात्यात पूर्णवेळ नोकरी करून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. खरं आहे ते, त्याच्या मरणानंतर १८८३ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यानेच लिहिलंय. पण त्याच पुस्तकात हेही आहे की त्याला उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. हा भाग कुणी सांगत नाही. आणि आणखी एक, जो मला खूप उशिरा दिसला: ट्रोलप बसल्या बसल्या पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा. त्याच्याकडे तीन तास होते म्हणून अर्धा तास परवडायचा. माझ्याकडे सगळी मिळून वीस मिनिटं. त्यातला अर्धा तास कुठून काढू? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं, महिन्याचं चॅलेंज. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं ते नॅनोरायमो, तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे साधारण १,६६७. दोनदा केलं, दोन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात आडवी झाले. यात एक गंमत मराठीत लिहिणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही, की तो आकडा इंग्रजी शब्दांचा आहे. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'किल्ल्याच्या तटबंदीवरून' हे आपले दोन शब्द, इंग्रजीत हेच सांगायला पाच-सहा लागतात. म्हणजे तोच सीन मराठीत लिहिला तर शब्द कमी भरतात, आणि तुम्ही १,६६७ चा हट्ट धरलात तर तुम्ही त्या इंग्रजीवाल्यापेक्षा बरंच जास्त लिहिताय आणि वर स्वतःलाच आळशी म्हणताय. मी म्हणत होते.

तिसरं, नवीन ॲप. स्क्रिव्हनर घेतलं, मग ऑब्सिडियन लावलं, प्रत्येकात दोन-दोन आठवडे फोल्डर लावण्यात गेले. फोल्डर फार सुंदर झाले होते.

नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधलं

ही स्टेप बहुतेक लोक गाळतात, मीही चार वर्षं गाळली. 'वेळ मिळत नाही' हे मी इतक्यांदा म्हटलं होतं की ते तपासून बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. मग तीन आठवडे एक साधी गोष्ट केली: फाईल उघडली की वेळ लिहायची, आणि पहिलं संपूर्ण नवीन वाक्य टाईप झालं की परत वेळ लिहायची. बाकी काही नाही, शब्द मोजायचे नाहीत, मूड लिहायचा नाही.

तीन आठवड्यांत मी फाईल नऊ वेळा उघडली होती. नऊ! मला वाटत होतं दोन-तीनदा. त्यातल्या सहा वेळा नवीन वाक्य आलंच नाही. ज्या तीन वेळा आलं त्यात उघडल्यापासून पहिल्या वाक्यापर्यंत पस्तीस, चाळीस आणि पंचावन्न मिनिटं गेली होती. आणि एकदा ते पहिलं वाक्य आलं की पुढचं मात्र बऱ्यापैकी सरसर आलं होतं, दहा मिनिटांत अर्धं पान.

म्हणजे वेळ होता. लिहिताही येत होतं. अडत होतं ते आत शिरण्याशी.

हे कळल्यावर सगळंच नीट दिसायला लागलं. महिनाभर कुलूप असलेलं घर उघडलं की आधी जळमटं काढायची, खिडक्या उघडायच्या, मग कुठे टेकायला मिळतं, तसंच हे, आणि फॅन्टसीत हे घर जरा जास्तच मोठं असतं. साध्या आजच्या काळातल्या कादंबरीकडे दोन आठवड्यांनी परत गेलात तरी बस म्हणजे बसच असते, पाऊस वरून खालीच पडतो, मेलेला माणूस मेलेलाच असतो. फॅन्टसीत यातलं काहीच धरून चालता येत नाही. सावली गहाण असलेला माणूस दुपारी रस्त्यावर आला तर काय होतं? पेढीचं दार रात्री कोण उघडतं? तमाला आत्ता हे माहीत आहे की नाही? हे सगळं तुम्हीच ठरवलेलं, तुमच्याच डोक्यात, आणि मधले दहा दिवस तुमचं डोकं ऑडिटमध्ये. मग माणूस पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेतो, कारण दुसरा रस्ताच नसतो, आणि वाचायला घेतलं की दुरुस्त्या सुरू होतात कारण त्या सोप्या असतात. ट्रोलपचा अर्धा तास तो हाच.

म्हणून मी लिहायचा वेळ वाढवायचा नाद सोडला आणि आत शिरायला लागणारा वेळ कमी करायच्या मागे लागले.

परतीची चिठ्ठी

सगळ्यात जास्त फरक याने पडला, बाकीचं नाही केलंत तरी हे करून बघा. उठायच्या आधी शेवटची तीन मिनिटं लिहिणं बंद करायचं आणि खर्ड्याच्या अगदी शेवटी, जिथे कर्सर आहे तिथेच, उद्याच्या स्वतःला चिठ्ठी लिहायची. उद्याची मी म्हणजे दमलेली, चिडचिडलेली, काहीही न आठवणारी बाई, असं धरून लिहायची. माझी एक खरी चिठ्ठी देते, चौदाव्या प्रकरणातली:

'तमा जप्तीच्या खोलीत, पाठ दाराकडे. कंदील तिनेच विझवलाय, वाचकाला हे अजून माहीत नाही. डाव्या हातात बापाच्या नावाचं पान, फाडलेलं. बाहेर म्हातारा कारकून किल्ल्या वाजवतोय, त्याला संशय आहे पण त्याला झोपही आलीय. पुढची ओळ: "आत कुणी असेल तर खोकावं," तो म्हणाला, "मला तशी नोंद करावी लागेल."'

बस. कोण कुठे आहे, हातात काय आहे, कुणाला काय माहीत आहे, आणि पुढची ओळ. ती पुढची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती चांगली नसली तरी चालते, पण पूर्ण पाहिजे. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली की मी वर स्क्रोल करतच नाही, ती ओळ चिठ्ठीतून उचलून खर्ड्यात टाईप करते, आणि तेवढ्यात हात चालू झालेला असतो.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेने १९५८ सालच्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की अजून दम शिल्लक असताना आणि पुढे काय होणार हे माहीत असताना थांबावं. याचंच पुढे लोकांनी 'वाक्य अर्धं सोडून उठा' असं करून टाकलंय. मी तेही केलं. दुसऱ्या दिवशी समोर 'तमाने खतावणी उघडली आणि तिला' एवढं होतं. तिला काय? तिला काय हे मला आजपर्यंत आठवलेलं नाही. रोज चार तास सलग बसणाऱ्याला अर्धं वाक्य चालत असेल, मध्ये सहा दिवसांचा खंड असेल तर वाक्य पूर्ण लिहून ठेवा.

चिठ्ठी लिहायला वेळच मिळाला नाही, पोर रडत उठलं, फोन आला, असं होतंच. तेव्हा फोनवर स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवते, वीस सेकंदाचा. जिन्यात पण होतो.

मागे बघायचं नाही, पण मग बदल कुठे नोंदवायचे

खर्डा पूर्ण होईपर्यंत मागचं वाचायचं नाही हा नियम सगळेच सांगतात, पण कुणी हे सांगत नाही की बाराव्या प्रकरणात तुम्हाला कळलं की तमाला भाऊच नको, बहीण पाहिजे, तर पहिल्या अकरा प्रकरणांतल्या भावाचं काय करायचं. मी आधी परत जाऊन सगळा भाऊ उपटायला बसायचे आणि त्यातच महिना जायचा. आता एक वेगळी फाईल आहे, नाव 'नंतर'. त्यात एक ओळ: 'प्र. १२ पासून भाऊ नाही, बहीण आहे, नाव ठरायचंय, आधीपासून बहीणच होती असं धरून पुढे.' आणि खरंच तसं धरून पुढे. माझ्या खर्ड्यात सहाव्या प्रकरणापर्यंत भाऊ जेवतोय, बाराव्यापासून बहीण भांडतेय, आणि मधे दोघंही नाहीत. कुणी वाचलं तर वेड लागेल. कुणी वाचत नाहीये.

जिथे नाव सुचत नाही, अंतर किती ठरत नाही, पेढीच्या शिक्क्यावर काय असतं माहीत नाही, तिथे थांबून विचार करायचा नाही, @@ टाकायचं आणि पुढे जायचं. @@ का, तर मराठी मजकुरात ते कुठेच येत नाही त्यामुळे शोधायला सोपं. माझ्या खर्ड्यात आत्ता एकशे चाळीसच्या वर @@ आहेत. एका घोड्याचं नावच @@ आहे. त्याचं कॅरेक्टर चांगलं झालंय.

आणि आता नावांबद्दल एक, हे माझ्याकडून घडलेलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या शहराचं नाव आधी 'काजळी' होतं. नवव्या प्रकरणाच्या आसपास मला ते 'काजळवाडा' करावंसं वाटलं. फाईंड-रिप्लेस मारलं, एका सेकंदात तीनशे ठिकाणी बदललं, खूश. मग बघते तर 'ती काजळवाडात राहायची', 'काजळवाडाला जाणारा रस्ता', कारण 'काजळी'चं काजळीत, काजळीला होतं पण 'वाडा'चं वाड्यात, वाड्याला होतं, सामान्यरूप वेगळं, कॉम्प्युटरला काय माहीत. वर 'काजळी' स्त्रीलिंगी, 'वाडा' पुल्लिंगी, म्हणजे 'जुनी काजळवाडा' आणि 'झोपलेली काजळवाडा'. आणि कळस म्हणजे एका ठिकाणी 'कंदिलाच्या काचेवर काजळवाडा धरली होती'. हे निस्तरायला चार रात्री गेल्या, त्या चार रात्रींत एक प्रकरण झालं असतं.

तर मराठीत फॅन्टसी लिहिताय तर नाव ठरवतानाच त्याला ला, ने, चा, त लावून बघा. 'तमाने' लिहिणार की 'तमेने', 'तमाला' की 'तमेला', हे एकदा ठरवून कागदावर लिहा, नाहीतर पहिल्या पाच प्रकरणांत जुन्या वळणाचं आणि पुढे बोलण्यातलं असं होतं (झालंय). आणि मधेच नाव बदलायचंच असेल तर त्याच लिंगाचं आणि त्याच शेवटाचं घ्या, म्हणजे रिप्लेस केल्यावर प्रत्यय मोडत नाहीत. नसेल जमत तर 'नंतर'मध्ये ओळ टाका आणि नवीन नावाने पुढे लिहा.

जादूचे नियम एका पानात

माझ्याकडे जगाबद्दलच्या नोट्सची ऐंशी पानं होती. नकाशा, तीन राजघराण्यांच्या वंशावळी, बारा महिन्यांची नावं, पेढीच्या स्थापनेचा इतिहास. लिहिताना त्यातलं एक पानही उपयोगी पडलं नाही, कारण मला हवं असायचं ते कधीच तिथे नसायचं. मला हवं असायचं की सावली गहाण असलेल्याला चंद्रप्रकाशात चालतं का. वंशावळीत ते नसतं.

खरं सांगायचं तर जग रचणं हा दमलेल्या माणसाचा टाईमपास आहे, कादंबरीचं काम केल्यासारखं वाटतं आणि कादंबरी तिथेच. यावर फॅन्टसी लेखक टॉल्किनचं नाव पुढे करतात की बघा त्यांनी भाषा बनवल्या आणि मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे पुस्तक. बरोबर आहे, पण ते भाषाशास्त्राचेच प्रोफेसर होते, भाषा बनवणं त्यांचा तरुणपणापासूनचा नाद होता, आणि एवढं सगळं हाताशी असूनही ती मोठी कादंबरी १९३७ च्या डिसेंबरात सुरू करून १९४९ मध्ये हातावेगळी झाली, छापून आली १९५४-५५ मध्ये. मधे खाणीतल्या थडग्याच्या प्रसंगाशी ते जवळजवळ वर्षभर थांबले होते, हे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच लिहिलंय. म्हणजे अडकणं त्यांनाही चुकलं नाही. मला याने बरं वाटतं, पण याचा आधार घेऊन मी चौथी वंशावळ काढायला बसत नाही.

ऐंशी पानं मी फेकली नाहीत, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. त्याऐवजी एक पान केलं, ज्यात फक्त खर्ड्यात प्रत्यक्ष आलेले नियम, आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या प्रकरणात आला तो आकडा. 'गहाण सावली सोडवायची तर जितके दिवस गहाण, तितके दिवस अंधारात काढायचे (प्र. ३).' 'मेलेल्या माणसाची सावली सुटते (प्र. ४).' हे पान करतानाच सापडलं की अकराव्यात मी नेमकं उलटं लिहिलंय, मेलेल्याची सावली पेढी जप्त करते. चौथ्यात बाप मेला की सावली मोकळी होणार असेल तर तमाला पेढीत चोरी करायचं कारणच उरत नाही, सगळी कादंबरी खलास. मग अकरावं खरं धरलं, चौथ्यासाठी 'नंतर'मध्ये ओळ.

पान भरलं की नवीन नियम नाही, नवीन नियम हवा असेल तर आधी एक खोडायचा. माझे तेरा आहेत. तेरा पण जास्तच आहेत.

तुकड्यातुकड्याने मिळणारा वेळ

वीस मिनिटं म्हणते मी, पण ती सलग मिळतील असं नाही. आठ आणि बारा असतात. कधी नुसतीच सहा. सगळ्या प्रकारचं लिखाण सगळ्या तुकड्यांत होत नाही हे कळायला वेळ लागला. संवाद आठ मिनिटांत होतात, दोन माणसं एका खोलीत भांडतायत हे कुठेही लिहिता येतं, रांगेत उभं राहूनसुद्धा. वर्णन, प्रवास, लढाई, यांना सलग वीस तरी लागतात. म्हणून चिठ्ठीत आता मी हेही लिहिते की पुढचा तुकडा छोटा की मोठा.

चालता-बोलता व्हॉइस टायपिंग पण वापरते. मराठीचं व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी चालतं, विरामचिन्हांची बोंब असते आणि तुम्ही बनवलेल्या नावांची पूर्ण वाट लागते. माझी 'तमा' दर वेळी 'जमा' होते, पेढीची गोष्ट असल्यामुळे ते वाक्य चुकीचंही वाटत नाही, हाच त्रास. उपाय: बोलताना तिला 'शैला' म्हणते. मशीनला शैला कळते, शेवट तोच असल्यामुळे शैलाने-शैलाला चं तमाने-तमाला आपोआप नीट होतं, आणि 'शैला' ही अक्षरं माझ्या खर्ड्यात दुसऱ्या कुठल्या शब्दात येत नाहीत. आधी 'रमा' वापरलं होतं. रिप्लेस केल्यावर 'तिला तिथे करमायला लागलं'चं 'कतमायला लागलं' झालं.

आणि ज्या दिवशी डोकं पूर्ण रिकामं असतं, म्हणजे डोळे उघडे आहेत एवढंच, त्या दिवशी गद्य लिहायचा प्रयत्नच करत नाही. एखादा @@ सोडवते. पुढच्या सीनमध्ये कसला वास येतो तेवढं लिहिते. किंवा नुसती शेवटची चिठ्ठी वाचून फाईल बंद. तेही चालतं, हे मला आधी पटायचं नाही पण चालतं, कारण एक दिवसाआड जरी ती चिठ्ठी डोळ्याखालून गेली तरी दार पूर्ण बंद होत नाही, भाजी निवडताना तो म्हातारा कारकून काहीतरी बोलून जातो.

हिशोब सांगायचा तर, आठवड्यात चार दिवस, दिवसाला तीनशे शब्द, असं वर्षातले चव्वेचाळीस आठवडे झालं (उरलेले आठ आजारपण, लग्नकार्य, ऑडिट यांचे) तर ५२,८०० शब्द होतात. मराठीत ही चांगली अंगापिंडाची कादंबरी झाली. मी चार दिवसांचा हिशोब मुद्दाम धरते, रोजचा धरला की एक दिवस चुकला की 'मोडलंच आता' म्हणून आठवडा सोडून द्यायची माझी सवय आहे.

चिठ्ठी आहे, वेळ आहे, तरी होत नाही

हा वेगळा बिघाड आहे, वरच्या उपायांनी जात नाही. ओळखायची खूण: चिठ्ठी स्पष्ट आहे, दोन मिनिटांत आत शिरलात, आणि लागोपाठ तीन वेळा काही न लिहिता उठलात. तीनदा झालं की मी स्वतःला दोष देणं बंद करते आणि सीनवर संशय घेते. बहुतेक वेळा तो सीनच चुकीचा असतो, मला तो लिहायचा असतो कारण पूर्वी कधीतरी ठरवलं होतं म्हणून, गोष्टीला तो नको असतो. माझं ते सातवं प्रकरण, दाराच्या कडीवरचा हात. चार वर्षांनी कळलं की त्या दारामागे काही नव्हतंच. मी 'रहस्यमय दार' लिहिलं होतं आणि आत काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी तिला कडी सोडायला लावली आणि खिडकीतून आत घेतली, आणि खिडकी जप्तीच्या खोलीची निघाली.

असा सीन हवाच असेल पण येत नसेल तर एका ओळीत लिहून पुढे: 'इथे तमा आणि बहिणीचं भांडण होतं, बहीण जिंकते @@.' असे माझे पाच सीन आहेत. त्यातले दोन आता वाटतंय तसेच ठेवावेत, एका ओळीत जास्त चांगले वाटतात.

बाकी किरकोळ. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकच फाईल ऑफलाईन उघडी ठेवू नका, माझी एकदा दोन वेगवेगळी सोळावी प्रकरणं तयार झाली होती आणि दोन्हीत कारकून वेगळ्या कारणाने मेला होता. प्रकरण झालं की तारीख टाकून एक कॉपी दुसरीकडे. अर्धा खर्डा कुणाला वाचायला देऊ नका. माझ्याकडे एक चुलत बहीण आहे जिला मी फक्त तोंडी सांगते, ती फक्त 'मग?' विचारते. तेवढं पुरतं.

अजून न सुटलेलं

तीन आठवड्यांपेक्षा मोठा खंड पडला की एक चिठ्ठी पुरत नाही. गेल्या वर्षी घरात हॉस्पिटलचं निघालं आणि सव्वा महिना फाईल बंद होती. तेव्हा खर्डा उघडायचा मोह टाळून मी फक्त जुन्या चिठ्ठ्या ओळीने वाचल्या (वापरून झालेली चिठ्ठी पुसत नाही, वेगळ्या फाईलमध्ये टाकते), साठ-सत्तर चिठ्ठ्या, पंधरा मिनिटं लागली, आणि सगळी कादंबरी परत डोक्यात आली, भाऊ-बहिणीच्या घोळासकट. पण त्या पंधरा मिनिटांनंतर लिहायला मात्र आणखी दोन दिवस गेले, त्याला अजून उपाय सापडलेला नाही. आणि दुसरं म्हणजे शेवट जवळ आला की चिठ्ठ्या लांब व्हायला लागल्यात, परवाची एक खर्ड्याच्या त्या दिवशीच्या मजकुरापेक्षा मोठी झाली. त्यातला अर्धा भाग मग मी सरळ खर्ड्यातच चिकटवला.